खड्ड्याचं मानपत्र: सांगलीतल्या एका भित्तिपत्रकाचं प्रकरण

मी सांगलीत कॉलेजला मराठी शिकवते. विनोद आणि उपहास हा टॉपिक आला की दरवर्षी पोरांचा प्रश्न ठरलेला, मॅडम उपहास, उपरोध, विडंबन, व्याजस्तुती यात नक्की फरक काय आणि पेपरात कशाला काय म्हणायचं. बरीच वर्षं मी व्याख्या फळ्यावर लिहायचे, पोरं उतरवून घ्यायची, तशाच्या तशा पेपरात लिहायची आणि मार्कही पडायचे. मग एका पावसाळ्यात आमच्या भित्तिपत्रकावर एक कागद लागला, आणि पुढच्या तीन दिवसांत त्याच्यावरून जे काय झालं त्यानं या सगळ्या शब्दांकडं बघायची माझी पद्धतच बदलली. म्हणून ते प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत इथं लिहिते. कॉलेजचं, माणसांचं, रस्त्याचं काम ज्यांच्याकडं होतं त्यांचं, कुणाचंच नाव घेत नाही.

तर रस्ता. गेटपासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता उन्हाळ्यात ड्रेनेजच्या लाइनसाठी उकरला होता. चर खोदली, पाइप टाकला, वरून मुरूम ओढला आणि काम थांबलं. वळवाच्या पहिल्या पावसात मुरूम खचला, चेंबरशेजारी खड्डा पडला आणि जून संपेपर्यंत तो इतका वाढला की दुचाकीवाले फुटपाथवरून गाड्या काढायला लागले. आमच्या बीए दुसऱ्या वर्षाच्या एका पोरीची स्कूटी त्यात आडवी झाली, कोपर चांगलंच सोललं, आणि त्याच आठवड्यात भित्तिपत्रकाचा विषय होता 'आपला परिसर'. तिनं खड्ड्याला मानपत्र लिहिलं.

मानपत्र कुणी ऐकलं नाही असं आपल्याकडं होत नाही. कुणाची एकसष्टी असते, कुणी रिटायर होतं, शाल श्रीफळ होतं आणि मग फ्रेममधला कागद कुणीतरी खड्या आवाजात वाचतं, आपला जन्म अमुक गावी सुसंस्कृत घराण्यात झाला वगैरे. पोरीनं तो सूर अचूक पकडला होता. पहिला भाग असा होता:

'आपला जन्म गेल्या वैशाखात ड्रेनेजच्या चरीत झाला. मुरमाच्या दुपट्यात आपणास गुंडाळले होते, परंतु पहिल्याच वळवात आपण ते दुपटे झुगारून दिलेत. आपण जातपात, पक्ष, धर्म असा भेद कधी केला नाहीत. सायकल असो वा लाखांची गाडी, आपल्या दारी आलेला प्रत्येक जण आपल्यापुढे वाकतो.'

दुसऱ्या भागात पाणीपातळीचं बुलेटिन होतं: 'आज सकाळी आठ वाजता आपली पाणीपातळी ९ इंच. इशारा पातळी १ फूट, धोका पातळी दीड फूट. काठावरच्या नागरिकांनी सतर्क राहावे, सुरक्षित स्थळी जावे.' तिसरा भाग जरा फुगवलेलाच होता, भूगोलाच्या पुस्तकात तुमचा धडा येणार, तुमच्यावर धरण बांधणार, तुमच्यात बोटिंग सुरू होणार, असं दहाबारा ओळी. चौथ्या भागात कामावरचे मुकादम आले, त्यांना ती काहीतरी विचारते आणि ते उत्तर देतात असा संवाद. मुकादम बोलताना अडखळतात, तर ती अडखळणारी अक्षरं तिनं सुटी सुटी करून लिहिली होती, तो संवाद मी इथं देणार नाही. आणि पाचवा भाग एकदम वेगळा, तिथं हसणं संपतं. 'मंगळवारी एक रिक्षा इथे दहा मिनिटे अडकली. आत एक बाई कळवळत होती, तिचा नवरा चिखलात उतरून रिक्षा ढकलत होता. आम्ही वीस जण बघत होतो. सत्कार पुरे.' खाली सही, 'सत्कार समिती'.

हा कागद मीच पास केला होता. घाईत वाचला, हसले, आणि चौथ्या भागाशेजारी लाल पेनानं लिहिलं, 'छान, भाषा जिवंत आहे.' ती लाल ओळ अजून माझ्या कपाटात आहे.

पहिल्या दिवशी बोर्डापुढं गर्दी. पोरं मोठ्यानं वाचत होती, 'वाकतो'पाशी सगळी एकदम हसत होती. संध्याकाळपर्यंत फोटो ग्रुपवर फिरायला लागले. दुसऱ्या दिवशी गंमत बिघडली, कारण कुणीतरी फोटो अर्धाच घेतला होता, वरचा भाग आणि सही एवढंच ठेवून मधलं सगळं कापलं होतं. एका ग्रुपवर एका काकांनी मनापासून विचारलं, सत्कार कुणाचा आहे, कार्यक्रम कुठं, किती वाजता. दुसऱ्या ग्रुपवर संताप, कॉलेजची पोरं खड्ड्याचं कौतुक करतायत, शिक्षक काय झोपलेत का. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसमधून निरोप आला की कागद काढा, आणि मी एक दिवस मागून घेतला. त्याच दुपारी मुकादम मामा स्वतः आले.

इथं थांबून त्या कागदाकडं नीट बघू, कारण एकाच कागदात पाच वेगळ्या गोष्टी होत्या आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्या सगळ्याला एकच नाव दिलं होतं, 'उपहासात्मक लेख'.

पहिल्या भागात दोन गोष्टी एकत्र आहेत आणि पोरांचा गोंधळ नेमका तिथंच होतो. मानपत्राचा साचा उचलला, त्याची भाषा, त्याचे मायने, त्याचा थाट, आणि तो अगदीच अपात्र माणसाला, म्हणजे इथं खड्ड्याला, घातला, हे झालं विडंबन. विडंबन साच्याचं असतं. अत्र्यांनी केशवकुमार या नावानं 'झेंडूची फुलें' लिहिली तेव्हा त्यांनी त्या काळच्या कवींची लिहायची तऱ्हा उचलली होती, शब्द फिरवण्याची लकब, भावना ओढूनताणून आणायची सवय. मूळ कविता माहीत असलेल्याला ते जास्त लागतं आणि माहीत नसलेल्याला नुसतं मजेशीर वाटतं, हीच विडंबनाची ओळख. व्याजस्तुती हे दुसरं. ती साच्यावर ठरत नाही, अर्थाच्या दिशेवर ठरते. तोंडावर स्तुती, आत निंदा, किंवा याच्या उलट, कारण व्याजस्तुती दोन्हीकडून चालते हे पोरं हमखास विसरतात. 'आपल्यापुढे प्रत्येक जण वाकतो' ही व्याजस्तुती. ती मानपत्राबाहेर, साध्या पत्रात लिहिली असती तरी व्याजस्तुतीच राहिली असती.

हे कसं चालतं ते आपल्या जुन्या शास्त्रकारांनी इतकं बारकाईनं सांगून ठेवलंय की मला दरवेळी आनंद होतो. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त एक श्लोक उदाहरणाला दिलाय, दगा दिलेल्या मित्राला एक जण म्हणतो, मित्रा, तू माझ्यावर किती उपकार केलेस काय सांगू, तुझं सौजन्य जगजाहीर झालं, असाच वागत राहा आणि शंभर वर्षं सुखात जग. शब्दांचा सरळ अर्थ इथं टिकतच नाही, तो पूर्ण फेकून द्यावा लागतो आणि नेमका उलटा घ्यावा लागतो. पण एक अट आहे. ऐकणाऱ्याला माहीत पाहिजे की त्या मित्रानं दगा दिलाय. ते माहीत नसेल तर तो श्लोक म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा.

आमच्या फोटोचं हेच झालं. रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला दगा माहीत होता, विश्रामबाग या उपनगरात बसून फोन बघणाऱ्या काकांना माहीत नव्हता, आणि कागदातल्या ज्या ओळीवरून तो कळला असता ती कापली गेली होती. जोनाथन स्विफ्टनं १७२९ साली आयर्लंडच्या गरिबीवर लिहिताना गरिबांची तान्ही पोरं श्रीमंतांनी खायला विकत घ्यावीत असा 'विनम्र प्रस्ताव' मांडला, अगदी थंड हिशोबी भाषेत, वजन किती, किंमत किती. तिथं खूण एवढी भयंकर ठेवलीय की लक्ष देऊन वाचणारा कधीतरी दचकतोच, तरी त्याच्यावरही बीभत्स म्हणून टीका झालीच. मानपत्रात खूण मात्र दोनच ठिकाणी होती, 'ड्रेनेजच्या चरीत' ही सहज नजरेतून सुटणारी आणि शेवटचा भाग ही ठळक. काकांना मी अडाणी म्हणणार नाही. त्यांच्यापर्यंत कागद पोचला तोच ठळक खुणेशिवाय.

उपरोध या सगळ्याच्या जवळचाच, पण तो सहसा एकेका वाक्यात राहतो, बोलण्याच्या सुरात राहतो. उदाहरण शोधायला लांब जायला नको. सांगलीजवळ कृष्णा वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, गोविंद बल्लाळ देवल तिथले. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ चं. पंचाहत्तरीचा म्हातारा कोवळ्या पोरीशी लग्न करायला निघालाय आणि पद काय, तर 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान'. 'इतुका न' आणि 'अवघे' हे दोन शब्द बघा. आकडा खरा आहे, नुसता त्याच्याभोवती 'एवढंच ना' असा सूर गुंडाळलाय. वय वाढवून सांगितलेलं नाही, कुणाच्या दिसण्याची चेष्टा नाही, आणि तरीही त्या लग्नाचा सगळा अन्याय त्या एका ओळीत उभा राहतो. उपरोधाला खरा आकडा किती उपयोगी पडतो हे मला या ओळीनं शिकवलं. त्याच्यापुढं पोरीचा तिसरा भाग, धरण आणि बोटिंगवाला, फिका पडतो. ती नुसती अतिशयोक्ती, आणि अतिशयोक्ती हे साधन आहे, तिच्यातून काही दिसलं पाहिजे. धरणावरून काहीच दिसत नव्हतं. पोरंही तिथं हसली नव्हती, मी नंतर विचारलं तर बऱ्याच जणांना तो भाग आठवतही नव्हता.

पाणीपातळीचा भाग मात्र अवघड. बाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणून सांगते, सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना जेवलास का विचारत नाहीत, आयर्विनला पाणी किती झालं विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपुढं गेलं होतं. पोरीनं बुलेटिनची भाषा उचलून नऊ इंचाच्या डबक्याला लावली, म्हणजे मोठ्या गंभीर गोष्टीचा थाट क्षुल्लक गोष्टीला, हाही विडंबनाचाच एक प्रकार आणि फार जुना. वर्गातली सगळी हसली. नदीकडच्या गल्लीतला एक पोरगा तास संपल्यावर थांबला, म्हणाला, मॅडम मी पण हसलो, पण 'सुरक्षित स्थळी जावे' वाचलं आणि पोटात कसंतरी झालं, त्या वेळी आम्ही आज्जीला पाठीवर घेऊन बाहेर पडलोय. तो तक्रार करत नव्हता. आपल्याला असं का झालं हेच त्याला समजत नव्हतं.

त्याला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. नंतर विचार करून कळलं ते असं, की त्या भागात दोन वेगळ्या गोष्टी एका ओळीत जोडल्या गेल्यात. इंच आणि फुटाचा जो खेळ आहे तो खड्ड्यावर आहे. 'नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे' ही ओळ खड्ड्यावर नाही, ती घर सोडून पळालेल्या माणसाच्या अनुभवाला हात घालते आणि त्याला लहान करते. विडंबन करताना जो साचा आपण उचलतो त्याच्या आत कुणीतरी राहत असतं. मानपत्राच्या साच्यात कुणी बुडालेलं नाही, पुराच्या बुलेटिनमध्ये लोक बुडालेत.

आता चौथा भाग आणि मामा.

मामा दुपारी आले, मी स्टाफरूममध्ये एकटीच होते. पायात गमबूट, हाताच्या रेघांत डांबर इतकं मुरलेलं की ते आता हाताचाच रंग झालंय. त्यांचं बोलणं अडखळतं, मी ते इथं सरळच लिहिणार आहे. म्हणाले, बाई, ते मानपत्र का काय लावलंय म्हणं, वाचायचं होतं. मी पार घाबरले. बोर्डापाशी घेऊन गेले, काच उघडली. मामा एकेका ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागले, सावकाश, ओठ हलवत. 'मुरमाच्या दुपट्यात' वाचून हसले. 'वाकतो'ला तर मोठ्यानं हसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, हे बेस लिवलंय पोरीनं. पातळीच्या आकड्यापाशी थांबले, मान हलवली, नऊ इंच न्हाय, जास्त हाय. धरणाचा भाग बोटानं भरकन ओलांडला.

मग बोट चौथ्या भागावर आलं आणि थांबलं. बराच वेळ तिथंच. मी काही बोलणार एवढ्यात तेच म्हणाले, 'बरोबर हाय बाई, मी असाच बोलतो.' आणि मग जरा वेळानं, 'पण खड्डा काय माझ्या बोलण्यानं पडला न्हाय.'

त्या एका वाक्यात जेवढी समीक्षा आहे तेवढी मी इतक्या वर्षांत शिकवलेली नाही, हे मी अगदी मनापासून लिहितेय. तोच माणूस, तोच कागद, तीच पाच मिनिटं. व्याजस्तुती त्याच्याच कामावर होती आणि त्याला ती पटली, तो हसला, कारण ती खरी होती, कामात कसूर झाली होती. चौथ्या भागात कामाचा संबंधच नव्हता. तो उपहास नव्हेच, ती टवाळी. उपहासात दोष आणि फटका एकाच जागी पडावे लागतात. अर्कचित्र काढणारा नाक मोठं काढतो, पण चांगला चित्रकार ते नाक त्या माणसाच्या वागण्यापाशी नेतो, हावरटपणापाशी, घमेंडीपाशी. ज्या वैगुण्याला माणूस जबाबदारच नाही त्याच्यावर बोट ठेवलं की वाचणारा हसतो खरा, पण कशाला हसतोय ते बदललेलं असतं. भरतानं नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित, आणि ते उत्तम, मध्यम, अधम पात्रांना दोन दोन असे वाटून दिलेत. मी ते पाठांतराचा विषय समजायचे. बोर्डापुढं मामा कुठं कसे हसले आणि कुठं गप्प झाले हे बघताना वाटलं, भरतानं खूप माणसांना हसताना जवळून बघितलं असणार.

आणि आपल्या भागाला हे नवीन नाही. तमाशात गण, गौळण, बतावणी, वग असा क्रम, आणि बतावणीतला सोंगाड्या कुणाला टोचतो तर पाटलाला, सावकाराला, शिपायाला, राजाला. स्वतः तो वेंधळ्याचं सोंग घेतो आणि मोठ्याला प्रश्न विचारतो. १८७३ ला जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला, पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले, जुन्या सातारा जिल्ह्यात तर त्यांचा मोठाच जोर, आजचे वाळवा, तासगाव तेव्हा साताऱ्यातच होते. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला आणि फटका सावकारीवर, भिक्षुकीवर, खर्चिक लग्नांवर नेला. फटका खालून वर जायचा. आमच्या कागदात चौथ्या भागाला तो वरून खाली आला, कॉलेजच्या पोरीकडून मुरूम ओढणाऱ्या माणसावर, आणि वर मी त्याला 'भाषा जिवंत आहे' म्हणाले.

मामा गेले नाहीत लगेच. मी चहा मागवला, पोरीला बोलावलं. ती आली, मामांना बघून पांढरीफटक पडली. चुकलं मामा, एवढंच म्हणाली. ते म्हणाले, लिवायचं तर लिव की, पण कसं झालं ते इचार आधी. आणि मग त्यांनी सांगितलं ते मी तसंच लिहून घेतलं. चर भरायची तर एकदम भरायची नसते, थराथरानं भरायची, एक थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायचं म्हणजे ठोकून दाबायचं, मग दुसरा थर, वर रोलर. इथं थर नाहीत, एका दिवसात सगळा मुरूम वरून ओढला. धुम्मस केलं नाही, रोलर आलाच नाही. मला सांगितलं, ओढा आन् पुढच्या गल्लीला चला, पोरं घेऊन मी गेलो. पहिल्या पावसात पाणी आत शिरणार, मुरूम बसणार, ह्ये मला त्याच दिवशी म्हाईत होतं बाई.

पाचव्या भागाबद्दल पोरगी मला आधीच विचारत होती, मॅडम शेवट सिरियस झालाय, काढू का. इंग्रजीच्या पुस्तकात उपहासाची जी ढोबळ वाटणी असते ती इथं कामाला येते. रोमन कवी होरेस हसतखेळत, स्वतःलाही त्यात धरून बोलतो, म्हणून सौम्य उपहासाला त्याचं नाव. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी ज्युवेनल आला, त्याच्या सोळा उपहासिका आहेत आणि तो सरळ चिडून बोलतो, रोममधली गर्दी, श्रीमंतांचा माज, पडणारी घरं. कडव्या उपहासाला त्याचं नाव. तिसरा मेनिपस या ग्रीक लेखकाच्या नावाचा, गद्यपद्य मिसळलेला, माणसापेक्षा विचार करायच्या पद्धतींना धरणारा. पोरांना वाटतं लेखक एका खान्यात बसला पाहिजे. मुळात इंग्रजी 'सटायर' ज्याच्यापासून आला तो लॅटिन 'सातुरा' हा शब्द भरलेल्या, मिसळलेल्या ताटाशी जोडतात, ग्रीक नाटकातल्या बकऱ्याच्या पायांच्या सॅटरशी त्याचा संबंध नाही, हे १६०५ मध्ये कासोबाँ नावाच्या पंडितानं दाखवून दिलं. म्हणजे मिसळ ही मुळातच आहे. मी तिला म्हणलं, शेवट ठेव. आधी चार भाग हसल्यावर रिक्षातली बाई येते म्हणूनच ती दिसते. पण एक शब्द तिनं स्वतःच पकडला होता आणि मला तो तिच्याकडूनच कळला, 'आम्ही वीस जण बघत होतो'. त्यात ती स्वतः आहे. रागात स्वतःलाही धरलं म्हणून तो राग उपदेश वाटत नाही.

त्या आठवड्यात तिनं सगळं परत लिहिलं. मानपत्र सोडून दिलं. शाळेत आपण सगळ्यांनी लिहिलेला निबंध असतो ना, मी छत्री बोलतेय, फाटक्या पुस्तकाचं मनोगत, तो साचा घेतला, 'मी खड्डा बोलतोय'. मला ही निवड फार आवडली, त्याचं कारण मी वर्गात एकनाथांच्या भारुडावरून सांगितलं. 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला' यात सून देवीला काय मागते, तर सासऱ्याला तिकडेच खपव, सासूला मार. नाथ स्वतः असं मागत नाहीत हे ऐकणाऱ्या बाईला कळतं, सून हे सोंग आहे आणि सासूसासरे हे आतले विकार आहेत. लिहिणारा आणि बोलणारा वेगळे ठेवले की अर्थाला आत शिरायला वाट मिळते. शिवाय खड्डा स्वतः बोलतोय म्हणल्यावर फोटो कितीही कापला तरी कुणी कार्यक्रम किती वाजता असं विचारणार नाही, खूण प्रत्येक वाक्यात आहे.

धरण गेलं, बोटिंग गेलं. पातळीचं बुलेटिन राहिलं, पण ते ठेवायच्या आधी तिनं नदीकडच्या त्या पोराला कागद दाखवला. तो म्हणाला, इंच फूट राहू दे, ते खड्ड्याचंच आहे, लोकांची ओळ काढ. तिनं काढली. मुकादमांचा संवाद गेला आणि त्या जागी खड्डा आपली जन्मकथा सांगतो, धुम्मस झालं नाही, रोलर आला नाही, ज्यानं पाठवायचा त्यानं पाठवला नाही, बिल मात्र रोलरसकट निघालं. ही बिलाची ओळ मी काढायला लावली. ती खरी असेलही, पण आमच्याकडं बिल नव्हतं, आणि देवलांच्या ओळीतला आकडा खरा होता म्हणून ती सव्वाशे वर्षं टिकलीय, हे मी तिला सांगितलं. ती माझ्यावर जरा नाराज झाली. अजूनही तिचं म्हणणं आहे की मी घाबरले.

कच्चा कागद तिनं मामांना नेऊन दाखवला, कामावरच. त्यांनी परत बोट ठेवून वाचला. 'मी खूप खोल आहे' या वाक्यावर थांबले, खूप म्हंजे किती गं, म्हणाले, आणि गाडीतून टेप आणायला लावला. एका काठावर तिनं धरला, ते गमबुटानिशी आत उतरले. चेंबरच्या बाजूला दीड फूट भरला. मग तिथंच उभं राहून चरीच्या उघड्या कडेवर हात फिरवत म्हणाले, थर दिसतोय का तुला कुठं, लिव, 'माझ्या पोटात एकच थर आहे, मोजून बघा.'

सोमवारी कागद लागला तेव्हा लोक त्याच वाक्यापाशी थांबत होते. पोरीनं मामांना विचारलं होतं, खाली तुमचं नाव घालू का, वाक्य तुमचं आहे. मामा म्हणाले, 'नाव नको गं बाई, पोटाचा प्रश्न हाय. वाक्य ऱ्हाऊ दे.'